लेकराचा दात काढायचा आहे: भ्यालेल्या मुलाची घरापासून खुर्चीपर्यंत तयारी

दाताच्या दवाखान्यात काउंटरवर एक वाक्य नेहमी कानावर पडतं. आई किंवा बाबा पुढं वाकून, हळू आवाजात सांगतात, "मॅडम, लेकराला काहीच सांगितलं नाही बघा. नुसतं दाखवायला चाललोय म्हणून आणलंय. तुम्ही बी बोलू नका." सांगणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण खुर्चीवर बसल्यावर दोन मिनिटांत लेकराला सगळं कळतं. आपल्याला फसवून आणलंय हेही कळतं. दात त्या दिवशी निघतो कसाबसा. पुढच्या खेपेला तेच लेकरू दवाखान्याच्या पायरीवर अंग टाकून देतं.

मी लहान मुलांच्या दाताच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करते. कोणतं औषध, किती भूल, हे डॉक्टरांनी ठरवायचं. मला सांगायचं आहे ते त्याआधीचं आणि नंतरचं, जे घरच्यांच्या हातात असतं. साधारण ४ ते १२ वर्षांच्या मुलांना आणि पहिल्यांदाच या वाटेला लागलेल्या आई-वडिलांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे.

१. दात काढायचाच आहे का, हे आधी विचारा

"दुधाचाच तर आहे, टाका काढून" असं घाईनं म्हणू नका. दुधाचे दात २० असतात. खालचे समोरचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडायला लागतात, पण मागच्या दुधाच्या दाढा पडायला १० ते १२ वर्षं उजाडतात. म्हणजे सात वर्षांच्या लेकराची किडलेली दाढ अजून तीन-चार वर्षं तोंडात राहायची असते. तिच्यावर ते भाकरी चावणार असतं. दुधाच्या दाढेचंही रूट कॅनल होतं, वर कॅप बसते. दाढ वेळेआधी काढली तर शेजारची दाढ मोकळ्या जागेत सरकते आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताची वाट अडते. म्हणून काढल्यानंतर कधी कधी जागा राखणारी तार, म्हणजे स्पेस मेंटेनर, बसवावी लागते. ती लागणार का, हे दात काढायच्या आधीच विचारून ठेवा.

अजून एक घोळ इथं हमखास होतो. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागं एक नवी दाढ गुपचूप उगवते. तिच्या जागचा कुठला दात पडलेला नसतो, त्यामुळं घरचे तिलाही दुधाचीच धरतात आणि कीड दिसली तरी "पडेल की" म्हणून सोडून देतात. ती पडत नाही. ती आयुष्यभराची दाढ असते. डॉक्टरांनी "ही कायमची आहे" असं म्हटलं की ती वाचवण्याबद्दल आधी बोला.

समोर खाली दुधाचा दात पडायच्या आत मागून कायमचा दात आला, दुहेरी रांग झाली, तर घाबरू नका. बऱ्याचदा दुधाचा दात आपोआप सैल होऊन पडतो. किती थांबायचं ते दाखवून ठरवा. दोरा बांधून दाराला अडकवायचे प्रयोग मात्र करू नका.

आणि काही वेळा थांबायचंच नसतं. गालावरची सूज डोळ्याकडं चढायली किंवा हनुवटीखाली गळ्याकडं उतरायली, ताप आहे, तोंड उघडत नाही, गिळता येत नाही, लाळ गळायली, तर हा लेख बाजूला ठेवा आणि लगेच मोठा दवाखाना गाठा. रात्र असली तरी.

२. कुठं न्यायचं

छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे, १९८२ पासून. आपल्याकडं सगळे त्या आवाराला घाटीच म्हणतात. लातूर, नांदेड, परभणीलाही खासगी दंत महाविद्यालयं आहेत. दंत महाविद्यालयात लहान मुलांचा वेगळा विभाग असतो. केसपेपर काढताना "बालदंतरोग" एवढं म्हणा, म्हणजे चुकीच्या रांगेत तासभर जाणार नाही. जिल्हा रुग्णालयात आणि बऱ्याच उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयांतही दंतचिकित्सक असतात. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांमध्ये १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. अंगणवाडी आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा. ते दातही बघतं. त्यांनी चिठ्ठी दिली असेल तर ती कपाटात ठेवून विसरू नका, सोबत न्या.

गावातल्या नेहमीच्या डॉक्टरांकडं दात निघत असेल तरी काही हरकत नाही. लेकरू फारच भित्रं असेल, आधी कुठं वाईट अनुभव आला असेल किंवा वय चारच्या आत असेल, तर मात्र मुलांचे दंतवैद्य शोधावेत असं माझं मत. त्यांना दातापेक्षा लेकरू आधी दिसतं.

३. फोनवर किंवा पहिल्या भेटीत सांगायच्या गोष्टी

हे लाजून किंवा विसरून राहतं म्हणून स्पष्ट लिहिते. हृदयाला जन्मापासून काही आहे का. खरचटलं तरी रक्त लवकर थांबत नाही, असं लेकराचं किंवा मामा-आजोबांकडं कुणाचं आहे का. दमा, फिट्स, सिकलसेल. कुठल्या औषधानं अंगावर पुरळ आलं होतं का. सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, त्यात गावच्या वैदूचं औषधही धरा. आणि लेकराचं वजन. भुलेचा आणि तापाच्या औषधाचा डोस वजनावर ठरतो. "असंल वीस-बावीस" यावर भागवू नका, अंगणवाडीतल्या किंवा किराणा दुकानातल्या काट्यावर एकदा उभं करा.

सहीचंही बघा. लेकराचा दात काढायला आई, वडील किंवा पालक म्हणून जबाबदार असलेल्या माणसाची संमती लागते. बीड, धारूर, केज, पाटोद्याकडच्या कितीतरी घरांत दिवाळीपासून आई-बाप ऊसतोडीला गेलेले असतात आणि लेकरं आजी-आजोबांकडं असतात. अशा वेळी आजीनं लेकराला घेऊन सकाळच्या एसटीनं यायचं आणि सहीपायी परत जायचं, हे फार वाईट वाटतं. आदल्या दिवशी फोन करून विचारा: आजोबांची सही चालेल का, आई-बापाशी फोनवर बोलणं करून द्यायचं का, कोणती कागदपत्रं आणायची.

वेळ मागताना सकाळची मागा. लहान लेकरू सकाळी ताजंतवानं असतं. दुपारी झोपेला आलेल्या, भुकेजलेल्या लेकराला समजावणं कुणालाच जमत नाही. घरात लग्न आहे, जत्रा आहे, दुसऱ्या दिवशी परीक्षा आहे, असा दिवस टाळा.

४. आधी घरच्या मोठ्यांची तयारी

लेकराच्या भीतीचं मूळ पुष्कळदा घरातच सापडतं. "जेव, नाहीतर डॉक्टरला सुई द्यायला लावते." हे वाक्य ज्यानं तीन वर्षं ऐकलंय, त्याच्या लेखी डॉक्टर म्हणजे शिक्षा देणारा माणूस. त्याला आता खुर्चीवर निवांत बस म्हणायचं कसं? हे वाक्य आजपासून घरात बंद. आजीलाही सांगा, शेजारच्या काकूंनाही सांगा.

मग घरातले किस्से. मोठा चुलतभाऊ ऐटीत सांगतो, "मला तर दोघांनी धरलं व्हतं, एवढं रगात!" आजोबा त्यांच्या तरुणपणीची दाढ काढतात, तीही पकडीसकट. ही मंडळी प्रेमळच असतात, पण चार-पाच दिवस त्यांना आवर घाला. "वरची दाढ काढली की नजर कमी होते" हेही कुणीतरी म्हणणारच. होत नाही. डोळ्यानं बघण्याची नस आणि दाताची नस वेगवेगळ्या आहेत. ज्यांना ही शंका आहे त्यांचं समाधान लेकरू झोपल्यावर करा. त्याच्यासमोर वाद घातला तर त्याच्या डोक्यात तेवढंच वाक्य राहतं.

तुम्हाला स्वतःला दाताच्या दवाखान्याची धास्ती आहे का? असेल तर खरं ओळखा आणि त्या दिवशी आत दुसऱ्या कुणाला तरी पाठवा. बापाचा हात घामानं भिजलाय हे लेकराच्या हाताला कळतं. मामा, आत्या, मोठी बहीण, जो कमी बोलतो आणि ज्याचं लेकरू ऐकतं, तो माणूस आत. बाकीच्यांनी बाहेर. जीप भरून येण्याची गरज नाही. लहान लेकराला एवढे पाहुणे कधी जमतात ते चांगलं माहीत असतं, काहीतरी मोठं घडणार हे ते ओळखतं.

आमिषाचंही तसंच. "रडला नाहीस तर सायकल घेऊन देतो." आता लेकराच्या जागी बसून विचार करा: सायकलीएवढं बक्षीस मिळणार, म्हणजे होणार तरी काय असेल! छोटं काहीतरी द्या, काम झाल्यावर द्या, आणि आधी त्याची जाहिरात करू नका.

५. कधी सांगायचं, काय सांगायचं

चार-पाच वर्षांच्या लेकराला आदल्या संध्याकाळी सांगितलं तरी पुरतं. जास्त आधी सांगितलं की ते रोज रात्री विचारत बसतं. सहा ते आठ वर्षांच्याला दोन-तीन दिवस आधी. त्याहून मोठ्या मुलांना ठरलं की लगेच सांगा, आणि काय शंका आहेत ते विचारा. झोपायच्या तोंडावर हा विषय काढू नका.

खोटं बोलायचं नाही, पण सगळा तपशीलही ओतायचा नाही. "अजिबात दुखणार नाही" हे वचन देऊ नका, कारण हिरडीला थोडं टोचतंच, आणि मग तुमचं पुढचं कुठलंच बोलणं खरं मानलं जात नाही. सुई, रक्त, उपटणं, कापणं हे शब्द आपण होऊन काढू नका. लेकरानं विचारलं तर मात्र टाळू नका. सात वर्षांच्या मुलीशी बोलणं साधारण असं होऊ शकतं:

"मम्मी, सुई देणार का गं मला?"

"दाताला झोपवायचं औषध देणार हायत. आधी हिरडीला जेल लावतेत. मग थोडंसं टोचतंय, एवढं." (इथं तिच्या हाताच्या पाठीवर हलका चिमटा काढायचा.) "दहा मोजेस्तोवर. मग दात झोपतोय."

"आणि मग उपटणार?"

"मग डॉक्टर दात हलवून हलवून सैल करतेत. दाबल्यासारखं वाटतंय. दात झोपलेला असतोय, म्हणून दुखत नाही."

"मला रडू आलं तर?"

"रड की. कोण रागावतंय? फक्त तोंड उघडं ठेव अन् हात हलवू नको."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. "रडायचं नाही, तू शूर आहेस" म्हटलं की लेकरावर दोन ओझी येतात, एक दाताचं आणि एक रडू दाबायचं. रडता रडताही दात नीट निघतो. आम्हाला हवं असतं ते उघडं तोंड आणि स्थिर डोकं.

६. घरची रंगीत तालीम

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि हिचाच उपयोग सगळ्यात जास्त होतो. दोन संध्याकाळी दहा-दहा मिनिटं पुरे.

लेकराला बाजेवर आडवं करा, डोकं तुमच्या मांडीवर, वर बॅटरीचा उजेड. खुर्ची मागं झुकली की असंच वाटणार असतं. "आ" करायला लावून चमच्याच्या दांड्यानं दात मोजा, मोठ्यानं. मग तोंड उघडं ठेवून नाकानं श्वास घ्यायला लावा. हे पहिल्यांदा जमत नाही, सरावानं जमतं. पोटावर वही ठेवा आणि श्वासाबरोबर ती वर-खाली होऊ द्या. भीती वाटली की हाच श्वास घ्यायचा, हे ठरवून टाका.

मग दाबणं आणि दुखणं यातला फरक. खुर्चीवरचा निम्मा आरडाओरडा या फरकापायी होतो. भूल दुखणं थांबवते, दाबल्याची जाणीव थांबवत नाही. शेतातला खुंटा सरळ वर ओढून निघत नाही, चारी बाजूंनी हलवून सैल करावा लागतो. डॉक्टरही दात तसाच हलवतात, आणि त्याचा दाब जबड्याला जाणवतो. ज्याला हे माहीत नसतं ते लेकरू त्या दाबालाच दुखणं समजून किंचाळतं. म्हणून घरी त्याच्या अंगठ्याच्या नखावर तुमचा अंगठा जोरात दाबा आणि विचारा, "दुखायलंय का दाबायलंय?" ते विचार करेल आणि म्हणेल, "दाबायलंय." मग हळूच चिमटा काढा. "आणि हे?" दोन-तीनदा खेळ म्हणून करा. खुर्चीवर डॉक्टरांनी हाच प्रश्न विचारला की लेकरू खरं उत्तर देतं, आणि खरंच दुखत असेल तर भूल वाढवता येते.

एक खूण ठरवा: डावा हात वर केला की डॉक्टर थांबतील. डॉक्टर बहुतेक उजव्या बाजूला बसतात, म्हणून डावा. पण आत गेल्यावर डॉक्टरांनाही ही खूण सांगा आणि त्यांनी मान्य केली की लेकरासमोर एकदा करून बघा. हात वर केल्यावर कुणी थांबलंच नाही तर खूण न ठरवलेली बरी.

मग उलटं खेळा. लेकरू डॉक्टर, तुम्ही पेशंट. तुम्ही घाबरल्याचं नाटक करा, त्याला तुमची समजूत काढू द्या. ते तुम्हाला काय सांगतं ते कान देऊन ऐका. त्याला नेमकी कशाची भीती आहे ते तिथं बाहेर पडतं. कुणाला सुईची असते, कुणाला श्वास कोंडेल याची. एखाद्याला वाटत असतं की आता कायमचं बोळकं राहणार. त्याला आरशात शेजारी आलेला नवा दात दाखवला की काम होतं.

७. त्या दिवशी

नुसत्या भुलेच्या इंजेक्शनवर दात काढायचा असेल तर उपाशी आणू नका. उलट तास-दीड तास आधी हलकं खाऊ घाला: वरण-भात, उपमा, दूध-पोळी. श्रावणी सोमवार असो की एकादशी, लेकराचा उपास त्या दिवशी नको. उन्हाळ्यात तर विशेष जपा. मे महिन्यात नांदेड-परभणीचा पारा ४० च्या वर असतो, एसटीत तास-दोन तास घालवलेलं उपाशी लेकरू खुर्चीवर बसताच पांढरंफटक पडतं. पाण्याची बाटली सोबत ठेवा, अर्धा तास आधी पोचा, सावलीत बसा, तोंड धुवा, लघवीला नेऊन आणा.

पूर्ण भूल किंवा गुंगीचं औषध देऊन काढायचा असेल तर नियम उलटा. साधारणपणे जेवण आणि दूध ६ तास आधी बंद, साधं पाणी २ तास आधी बंद. डॉक्टरांनी लिहून दिलेली वेळ अगदी काटेकोर पाळा. "एकच बिस्कीट दिलं" हेही लपवू नका; पोटात अन्न असताना पूर्ण भूल देणं जिवावर बेतू शकतं.

कपडे जुने, सैल, पुढून उघडणारे. आवडीचं एखादं खेळणं चालेल. दात घासून आणा.

८. खुर्चीवर काय होतं

चांगले डॉक्टर आधी सांगतात, मग दाखवतात, मग करतात. मुलांच्या दंतवैद्यांची ही रीत १९५९ पासून शिकवली जाते. आरसा आधी लेकराच्या हातात देतील, वाऱ्याची नळी आधी तळहातावर सोडतील. यात पाच-सात मिनिटं गेली तर घाई करू नका. "लवकर आटपा ना, दुपारची गाडी हाय" हे आम्ही ऐकतो आणि लेकरूही ऐकतं.

मग हिरडी बधिर करणारी जेल. ती एक-दोन मिनिटं ठेवावी लागते, चव काहींना आवडत नाही. मग इंजेक्शन. ते मुद्दाम हळू देतात, हळू दिलं की कमी दुखतं. डॉक्टर सिरिंज लेकराच्या नजरेआडून आणतात, म्हणून त्या क्षणी तुम्ही "बघू नको हं, डोळे मीट" असं म्हणू नका. न बघणारंही मग बघतं. तुमची जागा पायाशी. एक हात त्याच्या पोटरीवर ठेवा आणि गप्प राहा. बोलायचं काम एकट्या डॉक्टरांचं. दोन-तीन आवाज झाले की लेकराला कुणाचं ऐकावं कळत नाही. "दुखतंय का? दुखतंय का?" तर अजिबात नको. पायाची बोटं हलवायला सांगायची असली तर ते काम मात्र तुम्ही करा, ते छान जमतं.

काही मिनिटांत ओठ बधिर होतो. पुष्कळ लेकरं टोचल्यावर रडत नाहीत, इथं रडतात. ओठ सुजून भाकरीएवढा झाला असं त्यांना वाटतं. एक मुलगा दोन्ही हातांनी ओठ धरून बसला होता, सोडला तर खाली पडेल म्हणून. त्याच्या हातात आरसा दिला. त्यानं ओठ इकडून बघितला, तिकडून बघितला, बोटानं टोचून बघितला, आणि म्हणाला, "हाय की जागेवर." आरसा मागून घ्या, नसेल तर मोबाइलचा कॅमेरा उघडा.

दुधाचा दात काढायला बहुतेक वेळा थोडीच मिनिटं लागतात. दात पडायलाच आलेला असेल, त्याची मुळं अर्धी विरघळलेली असतील, तर त्याहून कमी. निघाल्यावर नेमकं कौतुक करा: "तोंड किती वेळ उघडं ठेवलंस!"

९. ऐकतच नसेल तर

अंगावर बसून, चौघांनी हातपाय धरून काढायचा का? दुखणं-सूज नसेल तर नको. त्या दिवशी नुसतं खुर्चीवर बसून दात मोजून घरी जायचं, आठवड्यानं परत यायचं. एक फेरी वाया गेली असं तुम्हाला वाटेल. पण पुढच्या सगळ्या फेऱ्या सोप्या होतात. एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी मला कळते, तरीही हेच सांगेन. तीनच्या आतल्या तान्ह्यासारख्या लेकरांचं वेगळं. तिथं आई आणि डॉक्टर समोरासमोर गुडघे लावून बसतात, लेकरू मांडीवर, आणि आईनं हात धरणं हा त्या पद्धतीचाच भाग असतो.

काही ठिकाणी नाकावर मास्क ठेवून नायट्रस ऑक्साइड नावाचा वायू हुंगायला देतात. लेकरू जागंच असतं, भीती सैलावते. एकाच वेळी बरेच दात काढायचे असतील, लेकरू दिव्यांग असेल किंवा भीती कशानेच कमी होत नसेल तर मोठ्या रुग्णालयात पूर्ण भूल देऊन काम होतं. यात कमीपणा काही नाही.

१०. घरी आल्यावर

कापसाचा किंवा गॉझचा बोळा अर्धा तास घट्ट दाबून धरायचा. त्या वेळात बोलायचं नाही, थुंकायचं नाही, आलेली लाळ गिळायची. थुंकत राहिलं की जागेवर जमलेली रक्ताची गाठ सुटते आणि रक्त परत सुरू होतं. पुढच्या २४ तासांत जोरात चूळ नको, स्ट्रॉनं पिणं नको. लाळेत मिसळलेलं थोडं रक्त खूप दिसतं. गुलाबी लाळ चालते. लाल रक्त येतच राहिलं तर स्वच्छ कापडाची ओली घडी त्या जागेवर ठेवून २० मिनिटं न उघडता दाबून धरायला लावा. तरी थांबलं नाही तर फोन करा.

खरी राखण पुढच्या दोन-तीन तासांत करायची असते. ओठ आणि गाल बधिर असतात, लेकराला गंमत वाटते, ते ओठ चावत बसतं आणि त्याला दुखत नाही. भूल उतरली की रडारड. दुसऱ्या दिवशी तिथं पांढरट-पिवळी जखम दिसते, ओठ सुजतो, आणि घरचे पू झाला म्हणून धावत येतात. बहुधा तो पू नसतो, चावल्याची जखम भरून येत असते, आठवड्या-दीड आठवड्यात जाते. पण व्हायलाच कशाला हवी? भूल उतरेपर्यंत कुणीतरी जवळ बसा, चावायचं काही देऊ नका आणि परतीच्या गाडीत झोपू दिलं तर तोंडाकडं लक्ष ठेवा.

भूल उतरल्यावर गार आणि मऊ खाणं: दही-भात, केळं, गार दूध, आइस्क्रीम, कोमट झालेल्या ज्वारीच्या कण्या ताकात कालवून. गरम चहात बुडवलेला टोस्ट त्या दिवशी नको, फुटाणे, शेंगदाणे आणि चिवडा दोन-तीन दिवस नको. संध्याकाळी क्रिकेट, कबड्डी बंद. रात्री ती जागा सोडून बाकीचे दात घासायचे. दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून, जेवणानंतर हलकेच तोंडात फिरवून सोडायचं.

दुखलं तर डॉक्टरांनी वजनाप्रमाणं लिहिलेलं पॅरासिटामॉल. मोठ्यांची गोळी अर्धी करून नको, टपरीवरून आणलेली नको, आणि अॅस्पिरिन लहान मुलांना मुळीच नको. खड्ड्यात हळद, तंबाखू, मिश्री, लवंगेचं तेल असलं काही भरू नका. आजी ऐकत नसल्या तर डॉक्टरांशी फोनवर बोलायला द्या, त्यांचं ऐकतात.

ताप आला, सूज उतरायच्या ऐवजी वाढली, तिसऱ्या दिवशी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी चढलं किंवा घाण वास येऊ लागला तर दाखवायला या.

दात मागितला तर बहुतेक डॉक्टर धुऊन, कागदात गुंडाळून देतात. माळवदावर फेकायचा असेल तर लेकरालाच फेकू द्या. आणि स्पेस मेंटेनर सांगितला असेल तर त्याची तारीख त्याच दिवशी, काउंटर सोडायच्या आत घ्या. महिने-दोन महिने गेले की जागा आटलेली असते. येताना एक्स-रे आणि जुना केसपेपर सोबत आणा.